अभिषेक-तेलाचा संच: तेल ठीक, आशीर्वाद मात्र दरपत्रकावर

आधी चांगलं ते सांगून मोकळी होते. पॅकिंग झकास आहे. जाड पुठ्ठ्याचं पांढरं खोकं, आत कप्पे, एका कप्प्यात तळहातात मावेल एवढी तेलाची बाटली, दुसऱ्यात घडी घातलेला जांभळा रुमाल, खाली एक पत्र आणि दान भरायचे, ‘बीज’ असं छापलेले लिफाफे. वेळेवर आलं, काही सांडलं नव्हतं. तेलही खरंच ऑलिव्हचं आहे, वास चांगला आहे.

एक ख्रिस्ती सेवासंस्था पैसे घेऊन प्रार्थनेसोबत पाठवते तो हा संच मी नाही, माझ्या मावशीने मागवला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, रात्र रात्र झोप नाही, मोबाइलवर प्रवचन ऐकत पडलेली असताना खाली जाहिरातीची पट्टी आली आणि तिने बोट लावलं. खोकं आल्यावर मला म्हणाली, “तू हिशेबातली आहेस, बघ गं जरा, यात काय काय लिहिलंय.” मी आमच्या चर्चच्या वह्या लिहिते. त्यामुळे चर्चला पैसा लागतो हे मला कुणी समजावू नये. छप्पर गळतं, विजेचं बिल येतं, झाडलोट करणाऱ्यालाही संसार असतो. दानपेटी फिरवण्यात मला काडीचाही आक्षेप नाही. या सेवासंस्थेचं नाव मी इथे देत नाही, कारण असे संच विकणाऱ्या कितीतरी आहेत आणि सगळ्यांचा साचा एकच.

आता बाटली. लेबलवर बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा संदर्भ आहे, अध्याय 5, ओवी 14. नुसता संदर्भ, ओवी नाही. मी उघडून मावशीला वाचून दाखवली. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी येऊन त्याच्यावर प्रार्थना करावी, प्रभूच्या नावाने तेल लावावं, असं तिथे आहे. म्हणजे माणसांनी घरी यायचं आहे! इथे आला तो कुरिअरवाला, आणि त्याने सही घेतली. रुमालाला बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या 19व्या अध्यायाचा आधार दिलाय. प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी नेऊन आजाऱ्यांवर घालत, ती गोष्ट. बरोबर आहे. पण एकच पान मागे, 18व्या अध्यायात, हाच पौल तंबू शिवून पोट भरताना दिसतो. रुमालांचा धंदा त्याने केला नाही.

पत्राची तर बात औरच. हस्ताक्षरासारखा टाइप, निळी शाई वाटावी असा रंग. मावशीने फॉर्म भरताना नावाच्या चौकटीत चुकून फोन नंबर टाकला होता. त्यामुळे पत्र असं सुरू होतं: “काल मध्यरात्री प्रार्थनेत प्रभूने मला तुझं नाव दिलं,” आणि पुढे दहा आकडे. मावशी हसून हसून बेजार. पण पत्र तिने फेकून दिलं नाही, उशीखाली ठेवलं. त्याचाही मला राग आला नाही. भीती वाटत असली की माणूस काहीही उशाला ठेवतो, आणि हा सगळा धंदा नेमका त्या भीतीवर चालतो, राग त्याचा आहे.

लिफाफ्यावर ‘शंभरपट’ हा शब्द मोठा आणि सोनेरी. संदर्भ मार्कच्या शुभवर्तमानाचा, 10:30. त्या ओवीत शंभरपट मिळेल असं आहे खरं, पण ‘छळणुकीबरोबर’ असंही आहे. तो शब्द छापखान्यात गळला असावा. पत्रात गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे क्षुल्लक नाण्यांची, गोष्टही आहे, मार्क 12. तिने होतं नव्हतं ते टाकलं, तूही टाक, असा मथितार्थ. त्या गोष्टीच्या लगेच वर येशू शास्त्र्यांना झोडतो, विधवांची घरं खाऊन टाकता म्हणून. तेवढं सोडून नेमकं खालचं उचलायचं, याला कसब लागतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. संकेतस्थळावरचं दरपत्रक बघितलं आणि हसू थांबलं. तीन पायऱ्या आहेत. खालच्या रकमेत ‘सर्वसाधारण प्रार्थना’. मधल्या रकमेत नाव घेऊन प्रार्थना. वरच्या रकमेत चोवीस तासांची प्रार्थना-साखळी, शिवाय हे खोकं. फुकट काय मिळतं म्हणाल, तर रोज सकाळी एक संदेश, ज्यात पुन्हा याच तीन पायऱ्या.

मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता, दर वाक्याला ‘सिस्टर’.

मी विचारलं, “ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याचं नाव साखळीत घेता का?”

“सिस्टर, आम्ही सगळ्यांसाठी प्रार्थना करतो.”

“नाव घेऊन?”

“नाव घेण्यासाठी बीज पेरावं लागतं, सिस्टर. पेरल्याशिवाय पीक येतं का?”

माझ्या मते सगळा प्रश्न या एका उत्तरात आहे. पैसे घेतले की नाही, हा मुद्दाच नाही. पैसे वाढले की आशीर्वाद वाढतो का, आणि पैसे नसले तर तो अडतो का, एवढंच मी बघते. या संचात दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे.

प्रार्थनेचा दर वाढत जाणं नवीन नाही. 1517 साली जर्मनीत योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक पापदंडमुक्तीची पत्रं, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याचे कागद, विकत फिरत होता. आतल्या गोटातला हिशेब असा होता की निम्मी रक्कम रोमला सेंट पीटरच्या बांधकामाला, आणि उरलेल्यातून आर्चबिशप आल्ब्रेख्तने पद मिळवताना फुगर सावकारांकडून काढलेलं कर्ज फेडायचं. त्या मोहिमेचे लेखी नियम होते आणि त्यात दर्जानुसार दर होते: राजेराण्यांना निदान 25 सोन्याची नाणी, मग उतरत उतरत खाली. पण त्याच यादीच्या तळाशी लिहिलं होतं की ज्याच्याकडे पैसा नाही त्याने प्रार्थना आणि उपवास करावा, स्वर्गाचं राज्य गरिबांनाही तितकंच खुलं आहे. ज्या विक्रीमुळे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर पेटून उठला आणि पश्चिमेची चर्च दुभंगली, त्या विक्रीतसुद्धा शून्याची ओळ होती. आमच्या खोक्याच्या दरपत्रकात ती नाही. पुढे 1567 मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैसे घेऊन दिलेल्या अशा दंडमुक्त्या रद्दच करून टाकल्या.

‘मग तुमच्या कॅथलिकांकडे मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, पैसे घेतात ते काय?’ असं कुणी विचारेलच. विचारावंच. मी ती वही स्वतः लिहिते. तारीख, हेतू, देणाऱ्याचं नाव, अर्पण. ही वही ठेवणं आमच्या कॅनन कायद्यानेच, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यानेच, बंधनकारक आहे. फादरांनी दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी नाताळ सोडला तर एकाच मिस्साचं अर्पण स्वतःकडे ठेवता येतं. बाजाराचा नुसता भासही होऊ नये असं कलम 947 सांगतं, आणि गरीब आहे म्हणून कुणी संस्कारांना मुकू नये असं 848. आमच्या वहीत अर्पणाच्या रकान्यात आडवी रेघ असलेल्या ओळी आहेत. त्या ओळींतली नावं वेदीवरून तितक्याच मोठ्याने वाचली जातात, कारण वाचणाऱ्याच्या कागदावर रकमेचा रकाना नसतोच.

म्हणून आमचं सगळं सोवळं आहे असं मी म्हणत नाही. संस्कारांचे दर भिंतीवर लावणाऱ्या चर्च आहेत, म्हणूनच तर पोप फ्रान्सिस यांना 2014 मध्ये त्या दरयाद्यांवर प्रवचनात बोलावं लागलं, आणि 2018 मध्ये पुन्हा, की मिस्सासाठी पैसे पडत नाहीत. कार्यालयात बसलेल्या माणसाने “किती देणार?” हे पहिलं वाक्य म्हटलं की पुढची कलमं वाऱ्यावर जातात. भिंतीवर टांगायला पोपचा आशीर्वाद लिहिलेलं चर्मपत्र मागवता येतं, तिथेही पैसे लागतात. फक्त तिथे मांडणी स्पष्ट आहे: आशीर्वाद फुकट, पैसे कागदाचे, लेखनाचे आणि टपालाचे, आणि जमा रक्कम गरिबांच्या मदतीला. मला ते चर्मपत्र फारसं आवडत नाही, पण निदान कशाचे पैसे मोजले ते कळतं.

कायदा अशांना पकडत नाही का? क्वचित पकडतो. लंडनमध्ये क्लायमेट वाइजमन नावाच्या बिशपने 2020 मध्ये तेल आणि लाल दोरा असा संच 91 पौंडांना विकला, कोविडपासून वाचवतो म्हणून. डिसेंबर 2022 मध्ये न्यायालयात तो फसवणुकीत दोषी ठरला. त्याने रोगाचं नाव घेतलं, म्हणून सापडला. आमच्या खोक्यातल्या पत्रात गुडघा नाही, रोग नाही, काहीच नाही. ‘तुझा अडथळा दूर होईल’ एवढंच. आणि मागे बारीक अक्षरांत: फळ विश्वासाच्या प्रमाणात, रक्कम परत मिळणार नाही. म्हणजे बरं वाटलं तर त्यांच्या तेलाने, नाही वाटलं तर मावशीचा विश्वास कमी पडला. यातली ही ओळ मला सर्वांत नीच वाटते. पैसे जातात ते जातात, वर आजारी माणसाच्या माथी दोषही मारायचा.

बायबलमधल्या अलीशा संदेष्ट्याने नामान या सेनापतीचा कोड बरा केला, पण त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही. मागून धावत जाऊन चांदी आणि कपडे उकळले ते गेहजीने, त्याच्या नोकराने, आणि नामानाचा कोड त्याला चिकटला. ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच पत्रकात मला सापडली नाही.

मावशीचं ऑपरेशन नीट झालं. आदल्या दिवशी फादर येऊन तेल लावून गेले, कुणी पाकीट पुढे केलं नाही, त्यांनी मागितलं नाही. रुमाल ती चष्मा पुसायला वापरते.

गुण: पाचपैकी एक, तोही तेल आणि खोक्याचा. कुणी आधीच मागवलं असेल तर एक काम लगेच करा. पैसे भरताना ‘मासिक भागीदार’ या चौकटीत आधीच टिक केलेली असते, ती कुणाच्या लक्षात येत नाही. संकेतस्थळावरचं ‘भागीदारी थांबवा’ हे बटण दाबलं की ‘थांबण्याआधी एक प्रार्थना’ असं पान उघडतं आणि त्याच्या तळाशी पुन्हा त्याच तीन पायऱ्या. त्या वाटेला जाऊ नका. थेट बँकेला सांगून दरमहा पैसे कापण्याची परवानगी रद्द करा आणि रद्द झाल्याचं लेखी घ्या. मावशीच्या बाबतीत आम्ही तसंच केलं. त्यानंतर संस्थेचे संदेश दुप्पट झाले, तर नंबरही ब्लॉक करावा लागला.