सेक्रेटेरिएटची बेलमाँट रेस, व्हिडिओ नक्की बघा
१९७३ च्या बेलमाँट स्टेक्स या अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीचं हे जुनं रेकॉर्डिंग, पिक्चर धुरकट आहे पण त्यासाठी स्टार कापू नका. सुरुवातीला शॅम आणि सेक्रेटेरिएट हे दोन घोडे एकमेकांना चिकटून इतके सुसाट पळतात की वाटतं दोघंही दमणार, मग शॅम मागे पडतो आणि हा मात्र थांबायचं नावच घेत नाही, बाकीचे घोडे फ्रेममध्ये मावेनात इतका पुढे जातो. ३१ लेंग्थने, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकला राव! दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदात, बेलमाँटचा तो रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाहीये. जॉकी रॉन टर्कॉट शेवटी मान वळवून घड्याळ बघतो ती जागा तर परत परत बघावी अशी. चिक अँडरसनची कॉमेंटरी ऐकून अंगावर काटा येतो, आवाज फुल ठेवा.