65 वॅटचा छोटा चार्जर आणि केबलची गोम

नवा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर हातात घेतला की आधी नजर जाते ती आकाराकडे. 65 वॅट देतो, तरी मुठीत मावतो. गॅलियम नायट्राइडचे स्विच सिलिकॉनपेक्षा वेगानं चालू-बंद होतात, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. लॅपटॉप लावला की तापतो, पण हात भाजेल इतका नाही. एकाच वेळी एकच वस्तू चार्ज करणार असाल तर खुशाल घ्या.

कटकट आहे ती दुसऱ्या पोर्टाची. लॅपटॉप चार्ज होताना शेजारी फोन लावला, की दोन्हींचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि नव्यानं वाटणी होते: लॅपटॉपला 45, फोनला 20. इअरबड्सची डबी लावली तरी तेच! तिला 20 वॅट कशाला हवेत? खोक्यावर हे बारीक अक्षरांत छापलंय म्हणे, वाचतंय कोण.

सोबतच्या केबलमध्ये मात्र चक्क चिकटपणा केलाय. ई-मार्कर चिप (केबल किती करंट पेलते हे चार्जरला सांगणारी) नसलेली टाइप-सी केबल 3 अँपिअरपर्यंतच, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. चार्जर 65चा, केबल 60ची! 5 अँपिअरची केबल वेगळी घ्यावी लागली. ती 240 वॅटची आहे, त्यामुळे पुढचा दणकट लॅपटॉपही तिच्यावर भागेल.