राजारामपुरीतला रविवारचा तुर्की वर्ग: विभक्ती पक्क्या, मालकीचे प्रत्यय घाईत

या वर्गात विभक्ती शिकवतात त्या झकास. सहा विभक्तींचा तक्ता घोकायला लावत नाहीत, गावाच्या नावालाच प्रत्यय जोडायला लावतात. कोल्हापुरदा म्हणजे कोल्हापुरात, कोल्हापुरदान म्हणजे कोल्हापूरहून, कोल्हापुरा म्हणजे कोल्हापूरला. नाव इझमिर (तुर्कस्तानातलं शहर) असलं की हेच प्रत्यय दे, देन, ए होतात, कारण शेवटचा स्वर वेगळा. सोकाक म्हणजे गल्ली. शेवटी कठोर क आला, म्हणून दाचा ता होऊन सोकाक्ता. पन्हाळ्यासारखं स्वरान्त नाव असेल तर चतुर्थीला मध्ये य येतो, षष्ठीला न. मराठी माणूस हमखास फसतो तो 'कोल्हापुरुन'ला. आपल्या कानाला ते तिथून निघाल्यासारखं वाटतं, पण तुर्कीत त्याचा अर्थ 'कोल्हापूरचा'. हा घोटाळा पहिल्याच तासाला सोडवतात, हे फार बरं करतात.

द्वितीयाही नीट समजावतात. मराठीत 'मुलाला पाहिलं' पण 'पुस्तक वाचलं', म्हणजे आपण सजीव-निर्जीव बघतो. तुर्की बघते ते वस्तू ठरावीक आहे का. 'किताप ओकुदुम' म्हणजे नुसतं पुस्तक वाचलं. 'किताबी ओकुदुम' म्हणजे ते अमुक पुस्तक वाचलं.

फळ्यावर सगळं देवनागरीत लिहितात, ते मात्र खटकतं. तुर्कीत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय हे दोन वेगळे स्वर. दोन्ही 'इ' लिहिले की स्वरमेळ, म्हणजे शेवटच्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलणं, दिसेनासाच होतो. वही पहिल्या दिवसापासून रोमन लिपीतच ठेवा.

खरी उणीव मालकीच्या प्रत्ययांत आहे. क्रम बरोबर सांगतात: नाम, अनेकवचन, मालकी, शेवटी विभक्ती. एव-लेर-इम-दे, माझ्या घरांत. पण 'घराचं दार' म्हणताना तुर्कीत दोन्ही शब्दांना खूण लागते, एविन कापिसि. आपण 'घराचं' एवढ्यावर थांबतो, म्हणून 'सि' गळतो आणि 'एविन कापि' असं चुकीचं रूप तयार होतं. याचा सराव अगदीच तोकडा. शिवाय तृतीयपुरुषी मालकीनंतर विभक्ती जोडताना न घालावाच लागतो: 'त्याच्या दारात' हे कापिसिन्दा, कापिसिदा नव्हे. हा न एका वाक्यात उरकतात. त्याच्यामुळेच 'एविन्दे'चे दोन अर्थ होतात, तुझ्या घरात आणि त्याच्या घरात. पहिल्यात न मालकीचा, दुसऱ्यात जोडणीचा. त्याच्या आधी सेनिन (तुझ्या) किंवा ओनुन (त्याच्या) लावून दोन्ही वाक्यं त्या तासाला आवर्जून करून घ्या.