इस्तंबूलमध्ये एकच दिवस आहे? मग कादिकोयची बोट पकडा

काराकोय ते कादिकोय ही इस्तंबूलची रोजची प्रवासी बोट. युरोपच्या काठावरून सुटते आणि बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून वीस-पंचवीस मिनिटांत आशियाच्या काठाला लागते. ऑफिसवाले, कॉलेजची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे हिनेच जातात. जर्मनीहून मुंबईला परतताना मला या शहरात सकाळपासून रात्रीच्या विमानापर्यंतचा वेळ मिळाला, तोही एकटीला. त्या दिवसाचं सोनं केलं ते या बोटीने. लिहिणारी उरणची आहे हे आधीच सांगून ठेवते. मोरा (उरणचं बंदर) ते मुंबईचा भाऊचा धक्का करण्यात जिची अर्धी नोकरी गेली, ती कुठल्याही बोटीला सहजासहजी चांगलं म्हणत नाही.

(२०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर तिथे जावं की नाही यावर आपल्याकडे बरंच रण माजलं होतं. तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी बोटीबद्दल लिहितेय.)

व्हिसाचं थोडक्यात: पासपोर्टवर चालू शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा व्हिसा असेल तर भारतीयांना ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो, फी भरून. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी सरकारी साइट बघा. केबिन बॅग विमानतळावरच्या सामानघरात टाकली. यंत्रातून इस्तंबूलकार्ट घेतलं, त्यात लिरा भरले आणि मेट्रो पकडली. या एका कार्डावर मेट्रो, ट्राम, बस, बोट सगळं चालतं. विमानतळाची एम-११ मेट्रो गायरेत्तेपेपर्यंत नेते, तिथून एम-२ ने शिशाने स्टेशनपर्यंत. पुढे उतारच उतार. जेनोआच्या व्यापाऱ्यांनी १३४८ साली बांधलेला गलाता बुरूज वाटेत लागतो. तो खालूनच बघितला आणि गल्ल्यांमधून घसरत धक्क्यावर आले.

आयासोफिया (हागिया सोफिया ही जुनी मशीद) पाहिलं नाही. परदेशी लोकांना वरच्या सज्जात जायला २५ युरोचं तिकीट आहे, पण अडचण पैशांची नव्हती. हातात मोजके तास असताना रांगेत उभं राहून माणसांच्या पाठी बघायच्या, हे मला पटत नाही. ५३७ सालापासून उभी असलेली इमारत आहे, पुढच्या खेपेपर्यंत कुठे जात नाही. शिवाय बोटीतून ती अख्खीच्या अख्खी दिसते.

आता धक्का. कार्ड टेकवून आत गेलं की मोठ्या हॉलमध्ये थांबायचं. बोट लागते, आतली माणसं उतरतात आणि मग आपली दारं उघडतात. खलाशी दोराचा फास खुंटावर टाकतो, पाटा आडवा पडतो. मी पाट्याकडेच बघत राहिले, कारण तो खरंच आडवा होता. आमच्याकडे सुकतीला लाँच इतकी खाली जाते की पायऱ्या मोजत उतरावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसाला दोघांनी धरावं लागतं. मोऱ्याला तर गाळामुळे ओहोटीत फेऱ्याच थांबतात. मार्मारा समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. त्यामुळे धक्का आणि बोटीची कड बाराही महिने साधारण एका पातळीत. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, सायकल, सगळं सरळ आत. यात त्यांचं कर्तृत्व किती आणि समुद्राची कृपा किती, हा वाद घालता येईल, पण हेवा वाटला हे खरं. आपल्यासारखंच एक मात्र तिथेही आहे: बोट पुरती बांधून व्हायच्या आत अर्धी तरुण पोरं उडी मारून पसार.

बसायची जागा सांगते, ती विसरू नका. आत गाद्यांच्या सीटा आहेत, तिथे जाऊ नका. खालच्या डेकवर बाहेरच्या अंगाला लाकडी बाकं असतात, कठड्याला पाय टेकवून बसता येतं आणि पाणी अगदी हाताशी. कादिकोयला जाताना उजवी बाजू पकडा. सरायबुर्नूचं टोक, तोपकापी राजवाडा, आयासोफिया, निळी मशीद हे सगळं ओळीने सरकत जातं. डाव्या बाजूला पाण्यात एकटा उभा असलेला किझ कुलेसी मनोरा. बोट सुटली की चहावाला ताट घेऊन फिरतो. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, बशीत साखरेचे दोन खडे, दूध नाही. पहिला घोट कडू लागला, पण वाऱ्यात तो दुसऱ्यांदाही मागवला. शेजारच्या बाईंनी सिमितचा, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचा, तुकडा मोडून हवेत धरला आणि एका सीगलने तो बोटांना धक्का न लावता उचलला. मग मलाही एक तुकडा दिला. माझा नेम चुकला, तुकडा पाण्यात गेला, तरी तिथेही चार जण झेपावलेच.

तांडेल बोटीचं नाक थेट कादिकोयकडे धरत नाही, हे थोड्या वेळाने लक्षात आलं. काळ्या समुद्राची पातळी किंचित वर, म्हणून वरचं पाणी सतत दक्षिणेला वाहतं. खालून मार्माराचं जड, खारट पाणी उलट उत्तरेला जातं. एकाच सामुद्रधुनीत दोन मजली प्रवाह. त्यात मधून इमारतीएवढे टँकर जाताहेत आणि आपली बोट शांतपणे त्यांच्या शेपटामागून निघते. एवढ्या गर्दीच्या पाण्यात भोंगा किती कमी वाजतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

उतरायच्या आधी हायदरपाशा स्टेशन दिसतं. १९०८ साली सुरू झालेलं, जर्मनांनी बांधलेलं, बगदादच्या रेल्वेचं स्वप्न जिथून सुटायचं ते. २०१० मध्ये त्याचं छप्पर जळालं.

कादिकोय हे जुनं खाल्किदोन. ग्रीक लोक आधी इथे वसले आणि समोर बिझान्तिओन, म्हणजे जुनं इस्तंबूल, नंतर वसलं. ते ऐकून मेगाबाझस नावाचा पर्शियन सरदार म्हणाला होता की समोर इतकी चांगली जागा असताना इकडे राहिले ते आंधळेच असणार. मी तिथल्या मासळीबाजारात उभी होते आणि मला तरी ते आंधळे वाटले नाहीत. बर्फाच्या थाळ्यांवर मासे रचलेले, कल्ले उलटे करून लाल बाजू गिऱ्हाईकाकडे. ताजेपणा दाखवायची ही पद्धत बघून उरणच्या बाजारात आल्यासारखं वाटलं. चिया सोफ्रासी नावाची खानावळ तिथेच आहे, अनातोलियाच्या गावागावांतलं जेवण मिळतं. मातीच्या पातेल्यांकडे बोट दाखवायचं, ताट भरून येतं. भाषेची अडचण पडत नाही आणि एकट्या बाईकडे कुणी वळून बघत नाही.

परतीच्या बोटीत डाव्या बाजूला बसा, संध्याकाळ असेल तर सूर्य मिनारांमागे उतरतो. गर्दी मात्र असते, लवकर हॉलमध्ये पुढे उभं राहा.

गलाता पुलाजवळच्या 'बालिक एकमेक'बद्दल, म्हणजे पावातल्या माशाबद्दल, लोक भरभरून बोलतात. मासा बांगड्याचा चुलतभाऊ आहे, पण बहुतेक वेळा नॉर्वेहून गोठवून आलेला. पुलावर गळ टाकून बसलेल्यांच्या बादलीतला नव्हे. कांदा-लिंबू पिळल्यावर खायला वाईट नाही, तिखटाची चिमूट हवी होती. मी जिथे बसून खाल्ला तिथे न मागितलेल्या पाण्याच्या बाटलीचेही पैसे बिलात लागले. टेबलावर काही ठेवलं की आधी विचारा. धक्क्यावर 'बॉस्फरस टूर' ओरडत मागे लागणाऱ्यांना मात्र सरळ नाही म्हणा. रोजच्या बोटीचं भाडं त्यांच्या तिकिटाच्या मानाने किरकोळ आहे.

काराकोयहून वर शिशानेला चढू नका. १८७५ पासून चालणारी तुनेल ही भुयारी गाडी दीड मिनिटात वर सोडते, लंडनच्या खालोखाल जगातली सगळ्यात जुनी. विमानतळाच्या मेट्रोची गाडी मुंबई लोकलसारखी पाठोपाठ येत नाही आणि गायरेत्तेपेला बदलताना बोगद्यातून बरंच चालावं लागतं, तेवढा वेळ धरून निघा. दोन विमानांमध्ये आठ तासांहून कमी असतील तर या सगळ्याच्या फंदात न पडता विमानतळावरच पाय पसरून झोपा.