मालकी बदलल्यानंतरची किंगफिशर: सोलापुरी उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

किंगफिशर बिअरची चव बदललेली नाही. हे आधीच सांगतो, कारण आमच्या मित्रांत वाद तिथूनच पेटला. ‘काय बे, कंपनी गेली त्या डच हायनेकनकडं, आता ती आपली राहिली का? चवपण गेली,’ असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते पटेना. मग मार्चपासून दिवाळीपर्यंत बसायचं ठरलं की मी किंगफिशर प्रीमियमच मागवत राहिलो. माइल्ड, ४.८ टक्केवाली.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो. तेव्हा जड काही घशाखाली उतरत नाही. ही हलकी आहे, माल्टचा किंचित गोडवा, मागून पुसट कडवटपणा. फेस लवकर बसतो, तेवढं एक कमी. कडक भाकरी आणि शेंगा चटणीबरोबर झकास लागते. झणझणीत मटणापुढे मात्र फिकी पडते.

मग चव गेल्याची ओरड कशामुळे? मित्राने आणलेली बाटली मी हातात घेऊन पाहिली. पॅकिंगची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. दुकानात क्रेट पत्र्याच्या शेडखाली रचलेले, दुपारभर तापणारे. ग्लासात ओतली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. शेजारी मी ताज्या तारखेची, सावलीतल्या गोदामातून आलेली बाटली उघडली. दोन्ही ग्लास फिरवून सगळ्यांना प्यायला दिले, तेव्हा फरक कुणाला सांगावा लागला नाही. उष्णतेने बिअर शिळी होते, मालक कुठल्याही देशाचा असो. आणखी एक: बाटली पाण्यात उलटी धरून ‘ग्लिसरीन काढायचं’ बंद करा. बिअर पाण्यापेक्षा जड असते म्हणून ती खाली उतरताना दिसते, एवढंच. उगाच बिअर वाया जाते.

आता ‘आपली’ म्हणण्याच्या अभिमानाचं. किंगफिशर बनवणारी युनायटेड ब्रुअरीज १९१५ साली उभी केली थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने, दक्षिणेतले पाच बिअर कारखाने एकत्र करून. विठ्ठल मल्ल्या १९४७ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि किंगफिशर हे नाव घरोघरी पोचलं ते १९७८ नंतर. हायनेकनही काल आलेली नाही. २००८ मध्ये स्कॉटिश अँड न्यूकॅसल ही ब्रिटिश बिअर कंपनी विकत घेताना त्यांच्याकडचा इथला वाटा तिच्या हाती आला. जून २०२१ मध्ये आणखी जवळपास १५ टक्के शेअर ५,८२५ कोटींना घेऊन ती ४६.५ वरून ६१.५ टक्क्यांवर गेली. आणि हे शेअर आले कुठून? विठ्ठल मल्ल्यांचे चिरंजीव विजय मल्ल्या यांच्या किंगफिशर याच नावाच्या विमान कंपनीने थकवलेल्या बँकांच्या कर्जाच्या वसुलीतून. परक्यांनी काही हिसकावलं नाही, घरातल्यांनीच गहाण टाकलं होतं. मला राग येतो तो याचा.

‘देशी मालक म्हणजे आपल्या हिताचा’ हेही मी मानत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी स्पर्धा आयोगाने बिअर कंपन्यांना संगनमताने भाव ठरवल्याबद्दल दंड केला, त्यात युनायटेड ब्रुअरीजचा वाटा सुमारे ७५२ कोटी. आयोगाने तपासलेला काळ २००९ ते २०१८, म्हणजे हायनेकनकडे बहुमत येण्याआधीचा. तेव्हा आपण अभिमानाने जी बाटली उचलत होतो, तिचा भाव तसा ठरत होता.

आणि आपण तर सोलापूरकर. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या कापडगिरण्यांतली एकही परदेशी कंपनीने गिळली नाही. मालक आपलेच होते, तरी भोंगे बंद पडले आणि हजारो कामगारांची घरं बसली. त्यामुळे मी कंपनीकडे बघतो तेव्हा भागधारकांच्या यादीआधी कारखाना चालू आहे का, हे बघतो. बिअर तळोज्यात आणि वाळूजला बनते, तिथल्या पाळ्यांत आपलीच पोरं उभी राहतात. नफ्याचा मोठा हिस्सा ॲमस्टरडॅमला जातो, हे सलतं, नाही असं नाही.

घ्यायची असेल तर तारीख दोन महिन्यांच्या आतली बघा, ‘चिल्ड आहे’ एवढ्यावर जाऊ नका, आणि उन्हात क्रेट ठेवणाऱ्या दुकानात पाऊल टाकू नका. थंडीत मी ही घेणार नाही, तेव्हा फारच पाणचट वाटते. पुढच्या मार्चला पुन्हा सुरू करीन. उद्या इथले कारखाने बंद करून माल बाहेरून आणायला लागले, तर मात्र त्या दिवशी सोडेन.