पहिली हाफ मॅरेथॉन: मुंबई की सातारा?

अंतर दोन्हीकडे तेवढंच, 21.0975 किलोमीटर. म्हणून मुंबईची जानेवारीतली आणि साताऱ्याची सप्टेंबरच्या आसपासची हाफ सारखीच समजून नाव नोंदवलंत, तर फसाल. मी फसलो होतो.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. गाव मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि कासच्या दिशेचा हा चढ वळायची जागा येईपर्यंत फारसा सोडत नाही. मग तोच रस्ता उतरायचा. नवख्यांना धास्ती असते ती चढाची. पण चढावर दम लागला तर चालावं, आजूबाजूचे कितीतरी जण चालतच असतात. हिशेब चुकता होतो तो उतारावर. तिथे दर पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि सपाट रस्त्यावर कितीही धावलात तरी त्यांना ही सवय लागत नाही. मी सरावात उतार एकदाही धावलो नव्हतो. पुढचे दोन दिवस कठडा धरून जिना उलटा उतरत होतो. (शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलंसुद्धा.) हवा मात्र झकास: धुकं, भुरभुर पाऊस, डोंगर हिरवागार.

मुंबईची हाफ गेली काही वर्षं माहीमहून सुटून सी-लिंकवरून दक्षिण मुंबईत येत आली आहे. यंदाचा मार्ग तेवढा तपासून घ्या. चढ म्हणावा असा पेडर रोडचा, साताऱ्याच्या माणसाला तो गतिरोधकच वाटेल. इथे छळतो तो दमटपणा. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. पहाटेच्या वाऱ्यात सी-लिंकवर जोशात पळालेले मरीन ड्राइव्हवर पाय ओढताना दिसतात. कडेला उभे राहून संत्र्याच्या फोडी देणारे लोक हवेहवेसे वाटतात ते तिथेच.

सलग पाच किलोमीटर धावता येत असेल, तर दोन्हींसाठी साधारण 16 आठवडे लागतात. साताऱ्यासाठी म्हणजे मेच्या उकाड्यात सुरुवात आणि पुढे अख्खा पावसाळा ओल्या बुटांत. मुंबईसाठी सप्टेंबरअखेर सुरुवात, मग ऑक्टोबर हीट आणि दिवाळीचा फराळ पार केला की थंडी मदतीला येते. रविवारची लांब धाव हळूहळू 16 ते 18 किलोमीटरपर्यंत न्यायची, तीही गप्पा मारता येतील अशा वेगाने. शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करायचं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मुंबईच. अपवाद एकच: दर रविवारी घाट चढून उतरून येता येईल अशा ठिकाणी राहत असाल, तर खुशाल सातारा धरा. फक्त तिथली नोंदणी बघता बघता भरते, आणि आदल्या रात्री लॉजही मिळत नाही.