मुलांचा पहिला कॅमेरा: खेळण्यातला, इन्स्टॅक्स की जुना डिजिटल?

पाच ते दहा वर्षांच्या मुलासाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की तीन पर्याय समोर येतात. एक, ऑनलाइन हजार ते तीन हजारांत मिळणारा सशाच्या किंवा मांजराच्या कानांचा रंगीत कॅमेरा. दुसरा, फोटो लगेच कागदावर देणारा फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी. तिसरा, दहा-पंधरा वर्षांपूर्वी सहली-बारशांना घरोघरी निघणारा आणि आता कपाटात पडून असलेला छोटा डिजिटल कॅमेरा. माझं मत आधीच सांगते: मूल सहा-सात वर्षांचं झालं असेल तर जुना डिजिटलच घ्या.

खेळण्यातल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर २०, ४०, कधी त्याहून जास्त मेगापिक्सेल, म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांचा आकडा, छापलेले असतात. त्या आकड्याकडे बघूच नका. बहुतेकांच्या आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, अगदी लहान असतो आणि उरलेले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. फाइल मोठी होते, तपशील तेवढाच राहतो. अर्थात पाच वर्षांच्या मुलाला तपशिलाशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला नडतात त्या वेगळ्या गोष्टी. बटण दाबल्यावर फोटो निघायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मांजर निघून जातं. शिवाय फोकस ठरावीक अंतरावर बांधलेला असतो. मुलं तर प्रत्येक गोष्टीच्या जवळ जातात: मुंग्यांची रांग, आजीच्या बांगड्या, पोळीवरचा फुगा. नेमके हेच फोटो धूसर येतात. मूल आईला विचारतं, "असं का आलं?" आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, कारण त्याचं काही चुकलेलंच नसतं.

यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत गेमही असतात. माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्याला आहे. आठवडाभरात फोटो मागे पडतात आणि हातात गेमचं यंत्र उरतं. तरी तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी हाच पर्याय बरा. पुढे येणारी नाजूक लेन्स नाही, भोवती सिलिकॉनचं कव्हर, पडला तरी जीव हळहळत नाही. घेताना एवढंच बघा, की गेम नसलेलं किंवा गेम बंद करता येणारं मॉडेल आहे आणि गळ्यातला पट्टा ओढ बसली की आपोआप सुटतो.

इन्स्टॅक्सची गंमत मी नाकारणार नाही. पांढरा कागद बाहेर येतो, दीड-दोन मिनिटांत त्यावर चेहरा उमटतो आणि मूल श्वास रोखून बघत राहतं. मिनी १२ सारख्या मॉडेलमध्ये लेन्स फिरवली की कॅमेरा सुरू, उजेडाचा हिशेब तो स्वतः करतो, दोन एए सेलवर चालतो. पण एका पाकिटात कागद दहाच आणि एका फोटोला पन्नास रुपयांच्या आसपास खर्च. महिन्याला फक्त दोन पाकिटं धरली तरी वर्षाचा आकडा बारा हजारांच्या घरात जातो, म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त. फोटो ६२ बाय ४६ मिलिमीटरचा, पाकिटात मावेल एवढा.

पैशांपेक्षाही मला खटकते ती त्यातून होणारी अडवणूक. प्रत्येक क्लिकला पैसे पडतात म्हटल्यावर घरातलं कुणीतरी "थांब, उगाच काढू नकोस" म्हणतंच. शिकणाऱ्या मुलाने तर उगाचच काढले पाहिजेत: पंख्याचे, चपलांचे, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याचे. दुसरं म्हणजे मागचं दार. किती कागद उरले हे बघायला मूल ते उघडतं आणि वरचे कागद उजेड लागून वाया जातात. फिल्मला उष्णताही सोसत नाही; नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद गाडीत ती ठेवू नका. फ्लॅशचा उजेड दोन-अडीच मीटरपर्यंतच पोचतो, त्यामुळे गॅदरिंगमध्ये प्रेक्षकांतून काढलेल्या फोटोत रंगमंच काळाच येतो. वाढदिवसाला चारचौघांत फोटो वाटायला इन्स्टॅक्स सुंदर आहे. रोजचा कॅमेरा म्हणून नाही.

आता जुना डिजिटल. कॅननचे पॉवरशॉट, निकॉनचे कूलपिक्स, सोनीचे सायबरशॉट. यांत लेन्स सरकवून दूरचं जवळ आणणारा खरा ऑप्टिकल झूम आहे, खरा ऑटोफोकस आहे आणि फुलाचं चिन्ह असलेली जवळच्या फोटोंची सोय आहे. मुंगी काही सेंटिमीटरवरून टिपता येते. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे अर्धं दाबता येणारं बटण: अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस धरतो, पूर्ण दाबलं की फोटो काढतो. मुलाला शेजारी बसवा आणि सांगा, "बोट हलकं ठेव, अर्धं दाब, हिरवा चौकोन दिसला की पूर्ण दाब." सुरुवातीला बोट एकदम खाली जातं, कॅमेरा हलतो, फोटो फिसकटतो. मग बोटाला ती मधली पायरी सापडते. कुठे बघायचं हे आधी ठरवायचं आणि मग टिपायचं, ही सवय तिथून लागते. मोबाइलच्या काचेवर ती पायरीच नाही. खेळण्यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांतही नसते.

शक्यतो एए सेलवर चालणारा घ्या, उदाहरणार्थ पॉवरशॉटच्या ए मालिकेतला. जुन्या लिथियम बॅटऱ्या फुगलेल्या निघतात आणि नव्या मिळवताना दमछाक होते. एए कुठेही मिळतात, पण घड्याळाचे स्वस्त सेल घालू नका. चार-दोन फ्लॅशमध्ये ते मान टाकतात. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर घ्या. कार्डाचंही बघून घ्या. जुने सायबरशॉट फक्त मेमरी स्टिक घेतात, जुने ऑलिम्पस एक्सडी कार्ड. दोन्ही आता सहज मिळत नाहीत. साधं एसडी कार्ड लागणाराच निवडा. फार जुन्या मॉडेलला २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखता येत नाही, आणि मुलासाठी तेवढंही पुष्कळ आहे.

आधी नातेवाइकांच्या कपाटांत शोधा, फुकट मिळेल. नाहीतर मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. कॉलेजातल्या मुलांना हे कॅमेरे पुन्हा आवडू लागल्याने भाव चढले आहेत, तेव्हा घासाघीस करा. जाताना स्वतःचे चार्ज केलेले सेल आणि एसडी कार्ड न्या. कॅमेरा सुरू करा, झूम शेवटपर्यंत पुढे-मागे करा आणि कान देऊन ऐका. करकर आवाज आला किंवा लेन्स मध्येच अडली तर आत वाळू गेली आहे. तिथेच खाली ठेवा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे डाग आहेत का. फ्लॅश एकदा उडवा. सेलच्या झाकणाची कडी नीट बसते का तेही तपासा, कारण या कॅमेऱ्यांत आधी तुटते ती तीच आणि मग सगळा कारभार रबरबँडवर येतो.

या कॅमेऱ्याचा शत्रू वाळू आहे. तारकर्लीला किंवा अलिबागला नेणार असाल तर किनाऱ्यावर तो पिशवीतच राहू द्या. पाण्यातला हवा असेल तर निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू१५० मुलांना समोर ठेवूनच केलेला आहे, १० मीटर खोल पाण्यात चालणारा. पण वापरलेला मिळाला तर पाण्यात बुडवू नका. दाराच्या कडेचं रबर जुनं झालं की त्याची खात्री देता येत नाही.

घरातला जुना मोबाइल? फोटो तिघांपेक्षा चांगले येतील, खर्च शून्य. ऐपत किंवा इच्छा नसेल तर सिम काढून, वायफाय बंद करून, कॅमेऱ्याखेरीज सगळं पुसून तोच द्या. त्यात कमीपणा काही नाही. पण मुलाला ठाऊक असतं की याच चौकोनात व्हिडिओ असतात. वायफाय सुरू कर म्हणून रोजची भुणभुण होईल, आणि एक दिवस आपणच कंटाळून सुरू करू.

माळ्यावर आगफाचा क्लिक थ्री हा जुना रोलचा कॅमेरा सापडला असेल तर दाखवायला जरूर काढा. त्याची १२० फिल्म अजूनही बनते, पण एका रोलवर १२ फोटो आणि वर धुण्याचा खर्च. ते वेड बारा-तेराव्या वर्षी लागू द्या.

कोणताही डिजिटल घेतलात तरी महिन्याला पाच-सहा फोटो मुलालाच निवडायला लावून छापून आणा. स्टुडिओत चार बाय सहाला दहा-पंधरा रुपये पडतात. एक काळजी घ्या. या कॅमेऱ्यांचा फोटो चारास तीन मापाचा असतो आणि कागद त्याहून लांबट, त्यामुळे छापताना वरची-खालची पट्टी जाते. मुलं आधीच डोकी फ्रेमच्या काठाला लावून काढतात, ती कापली जातात. स्टुडिओवाल्याला "पूर्ण फोटो ठेवा, बाजूला पांढरं राहिलं तरी चालेल" असं आठवणीने सांगा.